धाकलूची वीतभर वाट

खाडीकाठी आज जिथे सोळा मजली इमारती आहेत, तिथे फार वर्षांपूर्वी चिंचखार नावाचं गाव होतं आणि त्या गावात धाकलू गवंडी होता. डाव्या हाताची करंगळी दगडाखाली गेलेली, पण त्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघायची कुणाची छाती नव्हती. खोड एकच. प्रत्येक भिंतीच्या पायथ्याशी तो वीतभर वाट मोकळी सोडायचा. दिवेलागणीला तिवरांच्या रानातून कोल्हे गोड्या तळ्यावर येत, त्यांच्यासाठी. "वाट त्यांची हाय. आपून मागनं आलो," म्हणायचा.

पुढे शहर गावाला येऊन भिडलं. तिकडच्या त्रिंबकशेठनी तळ्याकाठी घर बांधलं आणि कुंपणाची भिंत धाकलूला सांगितली. भोक नको, म्हणाले. धाकलू अडून बसला. मग शेठाणी तान्ही मुलगी घेऊन बाहेर आल्या. "दादा, हिच्याकडे बघून सांगा, ठेवू भोक?" पोर टाहो फोडत होती. धाकलू विरघळला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने सलग भिंत घातली.

त्या संध्याकाळी कोल्हे आले आणि भिंतीला नाक लावून ओळीने बसले. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुप्पट आले. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी खाडीवरची कोल्हेकुई थांबली आणि घरात पोरीचं रडणंही थांबलं. तोंड उघडायची, गाल भिजायचे, आवाज नाही. वैद्य झाले, अंगारे झाले. पोर सुकत चालली.

धाकलूच्या कानावर हे गेलं. सातव्या दिवशी तिन्हीसांजेला तो छिन्नी-हातोडा घेऊन गेला. कोल्ह्यांनी सरकून त्याला जागा दिली. चिरा निखळला. चुरा काढायला त्याने डावा हात आत घातला, तर हातावरून गार पावलं एकामागून एक जाऊ लागली. समोरचा एकही कोल्हा जागचा हलला नव्हता. ते आधी मेलेले कोल्हे, असं म्हणतात. पहिला मान त्यांचा.

शेवटचं पाऊल गेलं आणि आत पोरीने टाहो फोडला. खाडीभर कोल्हेकुई उठली.

शेठ धावत आले तेव्हा भिंतीपाशी नुसता हातोडा होता. चिखलात पंजे तिवरांकडे गेलेले, आणि त्यांच्यात माणसाची अनवाणी पावलं. ती बांधापर्यंतच. बांधापलीकडे सगळे पंजेच, त्यातला एक डावा पंजा एका बोटाने कमी.

आजही तिथल्या सोसायट्यांच्या भिंतींना वीतभर वाट असते. बिल्डर कुरकुरतात, गवंडी ऐकत नाहीत. घरी तान्हं बाळ आलं की दिवेलागणीला आधी त्या वाटेपाशी नेतात आणि ते रडेपर्यंत थांबतात. शेठच्या त्या मुलीनेच आपलं पहिलं बाळ असं नेलं होतं, म्हणतात. बाळ रडतं, खाडीकडून उत्तर येतं, आणि मगच लिफ्टचं बटण दाबतात.