हिरव्या जाऊबाई

एकदा काय झालं, एका पाणथळीत गांडुळांच्या दोन जावा राहत होत्या. थोरली वळवळी, धाकटी सुळसुळी. गोधडी ओढू नका रे, ऐका!

सुळसुळी गुलाबी, तुकतुकीत. जो तो तिचंच कौतुक करी. वळवळीचा नुसता जळफळाट व्हायचा.

तिथली एक रीत होती, बरं का. घास मिळाला की अर्धा खायचा, अर्धा जावेच्या दारात ठेवायचा. लबाडी चालायची नाही. रोज सकाळी प्रत्येकीच्या दारात तिच्या पोटातून निघालेली मातीची गोळी पडायची. जे खाल्लं, त्याच रंगाची! दोघींच्या गोळ्या एकाच रंगाच्या आहेत ना, हे सासूबाई तपासायच्या.

एके दिवशी वळवळीला शेवाळाचा हिरवागार घास मिळाला. "हा नाही देणार त्या नटवीला!" म्हणत तिने गटकन गिळला. मग घाबरली. उद्या गोळी हिरवी पडली तर? म्हणून तिने तो पचवलाच नाही. पाठीच्या कातडीखाली दाबून ठेवला.

पहिल्या दिवशी पाठ हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी शेपटीला मुळं फुटली. तिसऱ्या दिवशी डोक्यावर चक्क पान आलं! पानावर ऊन पडलं आणि पोट आपोआप भरलं. सासूबाई तिच्या अंगावरून सरपटत गेल्या. म्हणाल्या, "हे गवत कधी उगवलं मेलं?"

मग आला बगळा. वळवळीला गवत समजून पुढे गेला. पुढे चिखलात सुळसुळी गुलाबी चमकत होती.

'गेली तर बरंच,' वळवळीच्या मनात आलं.

सुळसुळीला बगळा दिसलाच नव्हता. ती घास ओढत वळवळीच्या दाराशी येत होती. "जाऊबाई, कुठे आहात? तीन दिवस जेवला नाहीत. तुमचा अर्धा ठेवलाय हो!"

बगळ्याने चोच उचलली. तेवढ्यात वळवळी वाकली आणि तिने सुळसुळीवर आपलं पान पांघरलं. बगळा इकडेतिकडे बघत राहिला. मग उडून गेला.

"अगोबाई! जाऊबाई, तुम्ही?"

"मीच. अर्धा घास तुझा होता गं. हे घे." वळवळीने अर्धं पान तोडून दिलं. "पण पचवू नकोस हं!"

मग सुळसुळीही हिरवी झाली. दोघींची पोरं हिरवी, नातवंडं हिरवी. सगळी सुखाने ऊन खात राहिली. त्या पाणथळीत वारा नसताना गवत हललं ना, की समजायचं, जावा घास वाटून घेतायत.

चला, आता गोधडी अर्धी अर्धी घ्या आणि डोळे मिटा.