शिळांच्या रिंगणातला मुकुट

एका राज्यात एक राजा उभ्याने झोपू लागला, आणि सगळा दरबार गोंधळात पडला.

राजाचे नाव धवलकेतू. नगराबाहेरच्या माळावर काळ्या शिळांचे एक रिंगण होते. ते कोणी रचले, कशासाठी रचले, कोणालाच ठाऊक नव्हते. राजाला तिथे उपवन करायचे होते. माती उपसली तेव्हा खाली एक थडगे निघाले, आणि थडग्यातून निघाला एक मुकुट. तांब्याचा, वरून सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला, पिंपळाच्या पानांसारखी झुलती पाने असलेला. राजाने तो तिथेच, भर उन्हात, मस्तकी चढवला. तो मग निघेचना.

त्या दिवसापासून राजा सिंहासनावर बसेना. पंचपक्वान्नांचे ताट समोर आले तर त्यातले हरभरे तेवढे निवडून खाई. नगारा वाजला की अंगभर शहारे. दिवसभर महाद्वाराकडे तोंड करून उभा राही आणि कोणाची तरी वाट पाही. त्याची वाचा गेली होती. कन्या रेणुमती समोर आली तरी परक्यासारखे पाही.

प्रधान म्हणाले, "महाराजांनी व्रत घेतले असावे."

राजवैद्य म्हणाले, "वाताचा प्रकोप असावा."

शेवटी मांत्रिक भैरुंडनाथाला बोलावणे गेले. त्याने मूठभर भस्म फुंकले. भस्म हवेत थांबले, राजाभोवती फिरले आणि निमूट खाली बसले.

"थडग्यातला जीव महाराजांच्या देहात शिरला आहे," तो म्हणाला. "मुकुट आहे त्या अर्थी तो कोणी प्राचीन सम्राट. त्याला आपले थडगे परत हवे. उद्या सूर्य माथ्यावर आला की महाराजांना मुकुटासह तिथे निजवून वर माती लोटावी. नाहीतर ही बाधा प्रजेत पसरेल."

"जिवंतपणी?" रेणुमतीने विचारले.

"राजकन्ये, मला दुसरा उपाय दिसत नाही," भैरुंडनाथ म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. वेशीवरचे पहारेकरी तोवर उभ्याने घोरू लागले होते.

सकाळी उजाडताच रेणुमती एकटीच माळावर गेली. सर्वांत उंच शिळेवर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता.

"जपून," धनेश म्हणाला. "पायाखाली कोणाची तरी बरगडी आहे."

राजकन्या मागे सरली. तिने हात जोडले. "पक्षिराज, इथे कोण निजले आहे?"

"ते तू सांगायचे. थडग्यातल्या तीन वस्तू एकेक करून उचल आणि त्या कोणाच्या, ते सांग. ओळखलेस तर मुकुट सुटेल."

"आणि तिन्हीदा चुकले तर?"

"तर थडगे मिटेल, आणि तुझे तात कायमचे असेच उभे राहतील."

रेणुमतीने गंजलेले एक वाकडे पाते उचलले. तिच्या डोळ्यांपुढे रणांगण आले, पताका आल्या. "ही तलवार आहे. इथे रणधुरंधर सम्राट निजला आहे."

"चूक," धनेश म्हणाला. शिळांचे रिंगण हातभर आत सरकले.

मग तिने एक रुंद, खोलगट मातीचे पात्र उचलले. त्याचा काठ एकाच बाजूने झिजला होता. "हे यज्ञपात्र आहे. सम्राट मोठा याज्ञिक होता."

"चूक." शिळा आणखी आत आल्या. आता त्यांची सावली थडग्यावर पडली.

तिसरी वस्तू म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेली लोखंडी सळई. ती चावल्यासारखी झिजलेली. हे सम्राटाच्या कोणत्या कामाचे? रेणुमतीला काहीच उमजेना. मनात सम्राट उभा करावा, त्याच्या हाती वस्तू द्यावी, आणि ती त्याच्या हातात बसू नये. ती थडग्याच्या कडेला खाली बसली. आणि इतका वेळ वस्तूच पाहत होती, ती आता हाडे पाहू लागली.

हाडे एका लहानखुऱ्या बाईची होती. मनगटाशी शंखाच्या बांगड्या. तिच्या शेजारी, तिच्याकडे तोंड करून, एक लांबोळे मोठे डोके. त्याच्या कपाळाच्या हाडावर हिरवे डाग होते, पिंपळाच्या पानांच्या आकाराचे. तांबे हाडावर वर्षानुवर्षे टेकून राहिले, तर असेच डाग पडतात.

"इथे सम्राट नाहीच," रेणुमती सावकाश म्हणाली. "ही एक बाई, आणि हा तिचा घोडा. ही सळई त्याच्या लगामाची. त्या पात्रात ती त्याला पाणी ठेवी. ती तलवार नव्हे, गवत कापायचा विळा. आणि तो मुकुटही नव्हे. तो घोड्याच्या कपाळावरचा साज आहे."

शिळा मुकाट्याने आपापल्या जागी परतल्या.

"ही कोण होती, पक्षिराज? राणी की दासी? दोघे एकदम कसे गेले?"

"मला काय ठाऊक? तेव्हा मी अंड्यात होतो," धनेश म्हणाला आणि उडून गेला.

सूर्य चढला. नगारे वाजवत दरबाराची मिरवणूक आली. थडग्याच्या कडेशी राजा अडला. तो थरथरत होता. भैरुंडनाथ आणि चार सेवक त्याला पुढे ढकलू लागले.

"नगारे थांबवा!" रेणुमती म्हणाली. "हात काढा सगळ्यांनी."

तिने माळावरचे ओले गवत उपटले, ओंजळीत धरले, आणि हलकेच म्हणाली, "ये."

पित्याला तिने आजवर 'यावे' असेच म्हटले होते. सेवकांनी माना खाली घातल्या. राजा मात्र एकेक पाऊल टाकत आला, त्याने तिच्या ओंजळीत डोके घातले, आणि साज अलगद गवतावर निसटला. तिने तो नेऊन त्या हिरव्या डागांवर ठेवला. बरोबर बसला.

"मी तर महाराजांना पुरून मोकळा झालो असतो," भैरुंडनाथ म्हणाला आणि मातीतच बसून राहिला.

थडगे पुन्हा बुजवले. उपवन दुसरीकडे करण्याची आज्ञा झाली. वेशीवरचे पहारेकरी जागे झाले आणि आपण कधी झोपलो, म्हणून एकमेकांना विचारू लागले.

राजा शिळेला टेकून बसला होता. "रेणुमती, मी कुठे होतो?"

"एका घोड्याच्या मनात, तात."

राजाने स्वतःच्या मानेला हात लावला. "कोणीतरी रोज सकाळी माझ्या मानेवरून हात फिरवीत असे. चेहरा आठवत नाही. आज तरी ती येईल, एवढेच कळत होते." मग तो हळूच म्हणाला, "सिंहासनावर बसल्यापासून मला कोणी हात लावलेला नाही. लोक पाया पडतात, तेवढेच."

अशा वेळी राजकन्येने काय करावे, हे रेणुमतीला कोणी शिकवले नव्हते. तिने पित्याच्या मानेवर हात ठेवला आणि फिरवू लागली. राजाने डोळे मिटले. सगळा दरबार पाहत होता. मुजरा करावा की तोंड फिरवावे, कोणालाच सुचेना. म्हणून सगळे तसेच उभे राहिले, आणि ती हात फिरवीत राहिली.