केराक्काचं उसनं रडणं

ह्यातला एक शब्द जरी खरा मानलास, तर तू माझ्याहून येडी. बघ, जमतंय का.

लई वर्सं झाली. आपल्या शेंदूरवाडीत केराक्का नावाची सुईण व्हती. तिच्या आईची आधीची चार पोरं गेलेली, म्हणून हिचं नाव ठेवलं केरा. केरकचरा कोण उचलून नेतंय? तशी ती जगली. पण स्वतःची लेक झाली तवा केराक्का हौसेला भुलली. बारशाला देखणं नाव ठेवलं, मैना. तेराव्या दिशी पोर गेली.

केराक्का रडली न्हाई. रडलं की पोर गेली हे खरं होईल, असं तिला वाटायचं. तवापासून ना डोळ्यात टिपूस, ना तोंडात मैनेचं नाव. बाळंतिणींना मातर असली चावट कोडी घालायची की कळा देता देता बाया हसायच्या.

एकदा भर दुपारी गावातल्या तानूला मुलगा झाला. झाला, पण रडला न्हाई. केराक्कानं त्येला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, कानाशी काशाची थाळी बडवली. पोरगं गप. मग अंगणातल्या कोंबड्याबी गप झाल्या. उंबऱ्याबाहीर एक बाई उभी. उन्हात उभी, पण सावली न्हाई. कानावर बोरू खोचलेला. केराक्कानं वळखलं. सटवाई. सहाव्या दिशी कपाळावर लिवायला यायची, ती पहिल्याच दिशी आली व्हती.

"केरे, ठेव ती थाळी. ह्या घरात आज एक रडणं लिवलंय. पोरानं रडावं, न्हाईतर त्येच्या आईनं."

केराक्कानं थाळी ठेवली न्हाई. "तिसऱ्या कुणी रडू नये, असं लिवलंय का?"

सटवाई इचारात पडली, असं म्हणत्यात. "न्हाई लिवलं."

"मग मी रडते. तू टेक तिथंच."

पण रडायला येतंय कुठं? तिनं मांडीला चिमटे घेतले. चुलीजवळची मिरची डोळ्याला लावली.

"मिरचीचं रडणं मला चालत न्हाई," सटवाई म्हणाली. "असल्या थापा गावाला मार."

पोराचे ओठ निळे झाले. मग नखं. तानू आईला हाका मारायला लागली. तवा केराक्कानं डोळे मिटले, आणि किती वर्सांनी म्हणाली, "मैने..."

आणि असा हंबरडा फुटला की रांजणातलं पाणी हिंदकळलं, कोनाड्यातली भांडी वाजली, असं म्हणत्यात. पोरगं दचकलं, आणि त्येनं टाहो फोडला.

सटवाई निघाली. केराक्काचं रडू थांबंना. तशीच ती तिच्या मागं चालू लागली. "थांब गं बाई, माझी मैना कुठं ठेवलीस?" दोघी माळ चढून पलीकडं उतरल्या. केराक्का परत आली न्हाई. पण पलीकडनं तिचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात मिसळलेलं एका बारक्या पोरीचं, असं म्हणत्यात.

म्हणून आपल्याकडं बाळ झालं की घरातली सगळ्यात म्हातारी उंबऱ्यात उभी राहून "मैने" म्हणून हंबरडा फोडती. तानूला नात झाली तवा परगावच्या व्याह्यांना वाटलं, बाळंतीण गेली. बोडक्या डोक्यानं तिरडीचा बांबू घेऊन आले. त्योच बांबू पाळणा टांगायला लावला.

पण हंबरड्यावर लगेच कुणी हसायचं नसतं. आधी माळापलीकडनं हसू यावं लागतं. त्याला उशीर झाला, की ते येईस्तोवर घरातली चूल कुणी फुंकत न्हाई, पाणी कुणी पीत न्हाई.

तू झालीस तवा मीच उंबऱ्यात व्हते. लई येळ कायबी ऐकू आलं न्हाई.

ऊठ. जा आता घरला.