बारा पंखे, छत्तीस पाती

एकदा एका बाजारपेठेच्या गावात पंखे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. पंखा न उघडता, खाली उभे राहून नुसता कान दिला, की त्याचे दुखणे त्यांना कळे. त्यांच्या हाताखाली तिशीची एक स्त्री काम शिकत होती. ती त्यांना बाबा म्हणे. तिचा हात हलका होता, समज चांगली होती आणि कामाची हौस तर इतकी, की एक पंखा संपत नाही तोच तिचे डोळे दुसऱ्याकडे लागत.

त्याच गावात एका धान्यव्यापाऱ्याने दुकानाच्या वरच्या मजल्यावर मंगल कार्यालय बांधले होते. सभागृहात एकाच बनावटीचे, एकाच पांढऱ्या रंगाचे बारा पंखे होते. लग्नसराईच्या आधी ते नीट करून द्यावेत, असा त्याचा निरोप आला.

वृद्ध शिष्येला म्हणाले, "हे काम एकटीने कर. चांगलं झालं, तर इथून पुढे या कार्यालयाचं सगळं काम तुझं."

ती कार्यालयात पोहोचली, तेव्हा व्यापारी म्हणाला, "उद्या चारला साखरपुडा आहे हो. बाईमाणूस शिडीवर चढून बारा पंखे उतरवणार?"

"उतरवणार आणि चढवणारही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त शिडी धरायला माणूस द्या."

तिने मुख्य बटण बंद केले आणि कामाला लागली. एकेका पंख्याला तिने हाताने ढकलून पाहिले. जो लगेच अडखळून थांबला, त्याचे बेअरिंग सुकलेले होते. दोन पंखे हाताने छान फिरत होते, पण बटण दाबल्यावर नुसते गुणगुणत. त्यांचे कंडेन्सर बदलायचे होते. जुने काळे ग्रीस काढून तिने नवे भरले. सगळे कसे पटापट हातावेगळे होत होते. दोन दिवसांचे काम आपण एका दिवसात संपवणार, या कल्पनेने तिला जेवणाचेही भान राहिले नाही.

पाती धुण्याची बाबांची एक ठरलेली रीत होती. एका पंख्याची तीन पाती ते सुतळीने एकत्र बांधत, धुतल्यावरही ती जुडी सुटू देत नसत. शिष्येला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटे. आज तिने कार्यालयाच्या मुदपाकखान्यातले मोठे घंगाळ मागवले, साबणाचे पाणी केले आणि छत्तीसच्या छत्तीस पाती एकदम त्यात सोडली. तासाभरात ती ओळीने भिंतीला टेकून चमकू लागली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शेवटचा पंखा चढला. वृद्ध आले, व्यापारीही आला. शिष्येने उत्साहाने एकामागून एक बारा बटणे दाबली.

पंखे फिरू लागले आणि डुलूही लागले. एक थोडा, दुसरा जास्त, दारावरचा तर असा झोकांड्या खाऊ लागला, की व्यापारी दोन पावले मागे सरकला.

"काल हे मळके होते, पण जे फिरत होते ते गपगुमान फिरत होते," तो म्हणाला. "आज न्हाऊन आले आणि अंगात आलं यांच्या. बाबा, तुम्ही स्वतः करा, नाहीतर मी शहरातून माणूस बोलावतो."

शिष्येने बटणे बंद केली. प्रत्येक मळसूत्र तिने स्वतः आवळले होते. चूक कुठे झाली, हेच तिला उमगेना.

वृद्धांनी कोपऱ्यातले घंगाळ पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. "सगळी पाती उतरव," एवढेच म्हणून ते जिना उतरून दुकानात गेले. तिथे खुंटीला जुनी तागडी लटकत होती. ती त्यांनी मागितली.

"तागडी कशाला? हा काटा न्या की, आकडा दाखवतो," व्यापारी म्हणाला.

"तुमचा काटा दहा ग्रॅमच्या आतलं बोलत नाही."

"बरं, मग ही वजनं घ्या."

"वजनं नकोत." आणि वृद्धांनी दोन्ही पारडी सोडवून तिथेच गल्ल्यावर ठेवली.

व्यापारी गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणाला, "वजनं नकोत, पारडी नकोत. नुसती दांडी घेऊन हे काय मोजणार, वारा?"

वर येऊन वृद्धांनी ती दांडी खिडकीच्या गजाला टांगली. एका टोकाला सुतळीने एक पाते अडकवले, दुसऱ्या टोकाला दुसरे. दिसायला जुळी असलेली ती पाती क्षणभर हलली आणि एक सावकाश खाली गेले.

शिष्या पाहतच राहिली.

वृद्ध म्हणाले, "पातं किती जड आहे, हे पंखा कधी विचारत नाही. तिन्ही सारखी आहेत का, एवढंच विचारतो. तिन्ही हलकी चालतील, तिन्ही जड चालतील. दोन सारखी आणि एक वेगळं, तर ते वेगळं पातं कितीही देखणं असो, सगळ्या पंख्याला ओढून नेतं. म्हणून कारखान्यात तिन्ही तोलून एकत्र बांधतात आणि म्हणून मी जुडी सोडत नाही. तू धूळ काढलीस ते बरोबर. धुळीबरोबर त्यांची संगतही काढलीस. पण हे मी तुला कधी सांगितलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. चूक दोघांची आहे. चल, साडेपाच तास आहेत."

शिष्या उठली. सुरुवातीला ती कोणतेही पाते कोणत्याही पात्याशी तोलत होती आणि गोंधळत होती. मग तिला एकदम सुचले. तिने जमिनीवर डावीकडे हलके, उजवीकडे जड अशी रांग मांडली. नवे पाते आधी रांगेच्या मधल्याशी तोलायचे, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधल्याशी. चार-पाच वेळा तोलले, की त्याची जागा सापडे. रांग वाढू लागली, तसा तिचा हात पुन्हा हलका झाला.

"बाबा, ही माझी युक्ती हं," ती म्हणाली.

"माझी नाहीच. मी असतो तर संध्याकाळ केली असती," वृद्ध म्हणाले आणि शिडी धरायला उठले.

छत्तीस पाती रांगेत लागली. तिने शेजारशेजारची तीन-तीन उचलून बारा जुड्या बांधल्या आणि तीन वाजेपर्यंत सगळी पाती चढवली. बटणे दाबली. अकरा पंखे एका लयीत फिरू लागले. दारावरचा मात्र अजून डुलत होता.

व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले. वृद्ध पात्यांकडे पाहतच नव्हते, पंख्याच्या दांडीकडे पाहत होते.

शिष्येने पंखा थांबवला. ही तीन तर तोलून लावलेली, मग आता कशात सारखी नाहीत? ती शिडीवर चढली. एक काठी छताला टेकवून पहिल्या पात्याच्या टोकापाशी तिने खूण केली, दुसरे पाते त्या खुणेपाशी आणून पाहिले, मग तिसरे. तिसरे बोटभर खाली होते. काल हाच पंखा उतरवताना घाईत, पाते जिथे जोडतात त्या पट्टीवर आपण रेललो होतो, हे तिला आठवले. तिने पट्टी हलकेच वर घेतली, पुन्हा काठी लावली, पुन्हा थोडी घेतली. टोक खुणेवर आले.

बटण दाबले. पाती दिसेनाशी झाली, वारा खाली आला आणि दांडी छताला नुसती टेकवून ठेवल्यासारखी स्थिर राहिली.

व्यापारी बारा पंख्यांखालून फिरून आला. "पुढच्या वर्षी यांनाच सांगू ना?" त्याने वृद्धांना विचारले.

"त्यांनाच विचारा," वृद्ध म्हणाले.

खाली पहिले पाहुणे जिना चढत होते. शिष्या तागडीची दांडी पुसून दुकानात द्यायला निघाली. जाता जाता तिने उरलेल्या सुतळीचे सारख्या लांबीचे बारा तुकडे कापले आणि पिशवीत अगदी वर ठेवले.