सुसरबाईचे पान

एका राज्यात, जिथे गडाभोवती खोल खंदक होता आणि खंदकात एक सुसर होती, तिथे शूरकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या राणीचे नाव इंदुलेखा. दोघांना नवसासायासाने झालेला एकच मुलगा, मणिकांत. अजून बोबडे बोलत होता.

त्याच राज्यात शेवंता नावाची चितारीण होती. ती लहान मुलांसाठी चित्रपोथ्या करी. जाड कापडाला खळ लावून पाने बनवी, म्हणजे मुलांनी ओढली तरी ती फाटत नसत, चघळली तरी विरघळत नसत. एका पानावर हत्ती, दुसऱ्यावर फणस, पुढच्या पानावर अंघोळ नको म्हणून रुसलेले अस्वलाचे पिल्लू. मूल मांडीवर बसे, चित्रावर बोट ठेवी आणि विचारी, "हे काय?" आई सांगे. मूल पुन्हा तेच पान उघडी, पुन्हा तेच विचारी. राज्यातल्या मुलांची जगाशी पहिली ओळख अशी होत असे.

मणिकांतच्या पोथीत एक पान सुसरीचे होते. शेवंताने ती हिरवीगार रंगवली होती, पाठीवर मखमलीसारखे शेवाळ, आणि त्या पाठीवर हसणारी मुले बसलेली. खाली लिहिले होते, 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ.' ही म्हण का म्हणतात, ते मोठ्या माणसांना ठाऊक असते. मुलांना नसते.

एके दुपारी दाईचा डोळा लागला. मणिकांत अर्धा चोखलेला आंबा हातात घेऊन खंदकाच्या पायऱ्या उतरला. सुसरीला खाऊ द्यायचा आणि तिच्या पाठीवर बसायचे, असे तो सकाळपासून सांगत होता. माणसे धावली तेव्हा पाण्यावर फक्त आंबा तरंगत होता.

प्रधान म्हणाला, सुसरीला मारावे. सेनापतीने मान खाली घालून सांगितले, की ती आहे म्हणून शत्रू खंदक ओलांडत नाही. राजाने सुसरीला अभय दिले. शेवंताला मात्र हद्दपार केले. मग त्याने काळ्या डोंगरावरच्या विकटजट मांत्रिकाला बोलावून आज्ञा केली, की राज्यातल्या कोणत्याही मुलाच्या पोथीत चित्र उरता कामा नये.

मांत्रिकाने विचारले, "राजा, चित्राबरोबर मुलांचे विचारणेही जाईल. चालेल?"

"जाऊ दे," राजा म्हणाला.

मांत्रिकाने मूठभर राख फुंकली. घराघरांतल्या पोथ्या आपोआप उघडल्या. हत्ती, फणस, चिमण्या, रुसलेले अस्वल, सारे पानांवरून सुटले आणि वाळल्या पानांसारखे उडत डोंगराकडे गेले. तिथे एका तांब्याच्या पेटीत जाऊन बसले. उरली ती कोरी, खळ लावलेली पाने.

त्या दिवसापासून राज्यातल्या मुलांनी बोट दाखवणे सोडले. ती जेवत, झोपत, मोठी होत. पण कशाला काय म्हणतात, ते विचारीत नसत. आयांना सुरुवातीला बरे वाटले. घरे शांत झाली. मग एका लोहाराच्या मुलाने निखारा मुठीत धरला, कारण तो काय असतो, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. कुणी विहिरीत उतरले, कुणी धोतऱ्याचे फळ खाल्ले. एकट्या मणिकांतसाठी राजाने जे केले, त्याने कितीतरी मणिकांत नेले.

इंदुलेखा राणी महालाबाहेर पडत नसे. एकदा ती मणिकांतच्या जन्माचा राहिलेला नवस फेडायला देवळात गेली. तिथे पायरीवर कुंभाराची चिमुरडी बसली होती. तिच्या मांडीशी नाग होता आणि ती त्याच्या फण्यावर मांजराला थोपटावे तशी थोपटत होती. राणी ओरडली. मुलीने मान वर करून पाहिले, पण काय झाले म्हणून विचारले नाही. नाग डसला, आणि दिवस मावळण्याआधी तिला मूठमाती दिली. कुंभारीण रडता रडता राणीला म्हणाली, "बाईसाहेब, तुमचे एक गेले. आमची का नेता?"

राणी घरी न जाता शेवंताच्या ओसाड झोपडीकडे वळली. तिथे पिंजऱ्याविना राहणारी एक साळुंकी होती, माणसासारखे बोलणारी. राणीने तिला शाप कसा उतरेल ते विचारले. साळुंकी म्हणाली, की ते मांत्रिकच सांगेल, आणि पुढे उडत तिने वाट दाखवली.

विकटजट गुहेच्या दारात बसला होता. त्याने सांगितले, की कामे तीन आहेत, आणि ती राणीलाच करावी लागतील. पहिले, चितारणीला सोबत घेऊन यायचे.

राणीला तेच फार कठीण वाटले. हद्दीपलीकडच्या रानात शेवंता करवंदे वेचून जगत होती. राणीला पाहताच ती उभी राहिली, पण पाया पडली नाही. राणीने फक्त एवढे सांगितले, की मुले मरताहेत, चल. सगळ्या वाटेने दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मांत्रिकाने दुसरे काम सांगितले. जिची पाठ मऊ म्हणून रंगवली, तिच्या पाठीवरचे शेवाळ चितारणीने खरवडून आणावे, आणि चितारणीच्या कमरेला बांधलेली दोरी राणीने धरावी.

दोघी खंदकाशी आल्या. शेवंताने उजवा हात पदराने अंगाशी बांधून टाकला. राणीने कारण विचारले तेव्हा म्हणाली, "हा कामाचा आहे." मग ती पाण्यात उतरली. सुसर ओंडक्यासारखी पडून होती. शेवंताने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि बोटांनी शेवाळ खरवडून काठाकडे फेकले. पाठ दगडासारखी होती. सुसर वळली.

राणीच्या हातात दोरी होती. तिने ती ओढली नाही. तिच्या डोळ्यांपुढे पाण्यावरचा आंबा होता, आणि तो जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने सारा जीव एकवटून दोरी ओढली. शेवंता काठावर आली. कोपरापासून खाली डावा हात नव्हता. खरवडलेले शेवाळ काठावरच्या पायरीवर पडले होते.

राणीने आपले लुगडे फाडून तिचा हात बांधला. शेवंता पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीवर होती.

"आपण उशिरा ओढलंत," ती म्हणाली.

"हो," राणी म्हणाली.

पुन्हा दोघी डोंगर चढल्या. मांत्रिकाने शेवाळ पेटीच्या कुलपाला फासले. कुलूप गळून पडले, पण झाकण हलेना.

"पेटी भरल्याशिवाय उघडत नाही," तो म्हणाला. "तिसरे काम म्हणजे, एक पोथी अजून यायची आहे. राख फुंकली तेव्हा ती कुणीतरी छातीशी घट्ट मिटून धरली होती. तिची चित्रे सुटू शकली नाहीत."

राणीचा हात नकळत चोळीकडे गेला. मणिकांतची पोथी तिथे होती. ती कुणाला दाखवली नव्हती, राजालाही नाही. सुसरीच्या पानावर त्याच्या आंबट बोटांचे पिवळे ठसे होते.

"बाकीची चित्रे आपापल्या पानांवर परततील," मांत्रिक म्हणाला. "शेवटी आलेली परतत नाहीत. तो पेटीचा वाटा आहे."

शेवंता मान फिरवून उभी राहिली. राणीने पोथी उघडली, प्रत्येक पान एकदा पाहिले आणि पेटीवर ठेवली. चित्रे सुटली. सुसर गेली, तिच्या पाठीवरची मुले गेली, आणि रंगाबरोबर पिवळे ठसेही उठून गेले. झाकण उघडले. हत्तींचे कळप, चिमण्यांचे थवे, फणस, चंद्र, होड्या, सारे आभाळभर होऊन गावांकडे निघाले.

त्या संध्याकाळी घराघरांतून एकच आवाज येत होता. "हे काय? हे काय?" आया सांगून सांगून दमल्या आणि दमताना रडल्या. राजाने आज्ञा मागे घेतली, खंदकाला कठडा बांधला आणि शेवंताला मानाने परत बोलावले. तिने पुन्हा पोथ्या रंगवायला घेतल्या. एका हाताने काम सावकाश होई. आता तिच्या सुसरीला दात असत.

काही काळाने शेवंता महालात आली. तिने राणीला विनवले, की मणिकांतचा चेहरा मला आठवतो, सांगाल तर पान रंगवून देईन.

राणी तिच्या थोट्या हाताकडे पाहत राहिली.

"तू मुलांसाठी रंगव," ती म्हणाली. "चांगले रंगव. तुला काही कमी पडू देणार नाही. पण पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. मला अजून जमत नाही."

"मलाही नाही," शेवंता म्हणाली, आणि नमस्कार करून गेली.

शाप सरला, राज्य सुखी झाले. ज्यांच्या मांडीवर लेकरे होती, त्यांना ही कहाणी सुफळ झाली. ज्यांच्या नव्हती, त्यांना ती नुसतीच संपूर्ण झाली.