न बसायचा पार

ताई, जरा थांबा. पारावर बसू नका. नाही, ओला नाही आणि मुंग्याही नाहीत. पार चांगला घडीव दगडाचा आहे, वर पिंपळाची सावली आहे, आणि तरीही आमच्या वाकणगावात त्यावर कुणी बसत नाही. बाजारातून दमून आलेलं म्हातारं माणूस त्याला हात लावून उभं राहील, धाप टाकेल आणि चालू लागेल. तो कोपऱ्यातला दगड बघा. बाकीचे राखाडी आहेत, तो एकटाच काळपट. तुम्ही नेमक्या त्याच्यावर बसत होतात.

तुमची गाडी आता पुढे जायची नाही, तेव्हा ती बंद करा, उगाच तेल जाळू नका. घाटावरच्या देवळाला जायला कुंभारवाड्यातून हा एकच रस्ता आहे आणि आळीच्या टोकाला पालिकेची घंटागाडी उभी आहे. हॉर्न वाजवून उपयोग नाही. तिचा ड्रायव्हर इरफान भला माणूस आहे, पण पालिकेची सूचना कर्ण्यावरून सांगून झाली की आळीच्या शेवटच्या घरातून कुणीतरी बाहेर येऊन 'ऐकलं' म्हणावं लागतं. तोवर तो गाडी हलवत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मी सदाशिव कुंभार, पालिकेच्या नळखात्यात तेवीस वर्षं काढली. लिहिलेल्या नियमांचं काय होतं ते मला विचारा. हा लिहिला नाही म्हणूनच टिकला.

तर ऐका. पुष्कळ वर्षांपूर्वी, संस्थानाच्या काळात, गावाला नवी नवी नगरपालिका मिळाली होती. लोकांना तिचं फार अप्रूप. रस्त्यावर कंदील लागले, हा पार बांधला, आणि दवंडीसाठी सुभाना हलगीवाल्याला नेमलं. सुभानाचा आवाज असा, की नदीपलीकडे नांगरणारा माणूस बैल थांबवून ऐकायचा, असं सांगतात. सकाळी हलगी गळ्यात अडकवली की गावाच्या सगळ्या आळ्या पालथ्या घालूनच तो घरी जायचा. मध्ये कुठे बसायचा नाही. त्याला बसलेला कुणी पाहिलाच नव्हता म्हणे.

या आळीतलं शेवटचं घर कोंडाबाई कुंभारणीचं. नवरा गेलेला, थोरला मुलगा चाक चालवायचा आणि मुलगी गौरा लग्न होऊन सासरी होती. सुभानाची फेरी कोंडाबाईच्या दारात संपायची आणि ती त्याला नव्या घड्यातलं गार पाणी द्यायची. त्या काळात हलगीवाल्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची रीत होती. कोंडाबाई मात्र तांब्या त्याच्या हातात द्यायची. ती त्याला भाऊ मानायची आणि गौरा त्याला मामा म्हणायची. त्यावरून आळीत कुजबुज व्हायची, पण कोंडाबाई कुणाच्या कुजबुजीला भीक घालणारी नव्हती.

एका उन्हाळ्यात पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर होती. आखितीला पितरांच्या नावाने पाण्याचा घडा द्यायचा असतो, त्यामुळे वर्षभरात कुंभाराला एवढा मोठा बाजार दुसरा नाही. पहाटेच सगळी आळी गाढवांवर घडे लादून शेजारच्या गावच्या बाजाराला गेली. गौरा आखितीसाठी माहेरी आली होती, तीही गेली. मागे राहिली ती बंद दारं आणि एक कुत्रं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी पालिकेत येऊन सांगितलं की कुंभारवाड्यामागची विहीर बाधली आहे, तिचं पाणी कुणी पिऊ नये. पालिकेच्या साहेबांनी विहिरीच्या काठावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढायला लावला आणि सुभानाला दवंडी द्यायला पाठवलं. विहिरीचं पाणी बंद, उद्यापासून आळीत पाण्याची गाडी येईल, एवढीच दवंडी. सुभाना भर उन्हात सगळं गाव फिरला. दुपार कलता कलता तो इथे आला. बघतो तर दाराला दार लागलेलं. त्याने तरीही हलगी वाजवली. एक शब्द न गाळता सगळी दवंडी त्या बंद दारांना सांगितली. कोंडाबाईच्या दारासमोर तर म्हणे दोनदा सांगितली. मग जाऊन साहेबांना कळवलं, सगळ्या आळ्या झाल्या. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

थांब रे इरफान! कळली तुझी हाक! पाव्हण्यांना सांगून होऊ दे.

हां. तर सुभाना दमला होता. सकाळपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं आणि पाय भाजले होते. पालिकेतून घरी जाताना हा पार दिसला. नवाकोरा, सावलीतला. आयुष्यात पहिल्यांदा तो कामाच्या दिवशी बसला. त्या कोपऱ्यातल्या दगडावर बसून त्याने भाकरी सोडली. मी त्याला दोष देत नाही. माझे पाय दुखतात तेव्हा मीही खुर्ची शोधतो.

भाकरी होते न होते तोच दिवस मावळतीला आळी बाजारातून परतली. याच पारावरून गेली. कोंडाबाई आणि तिचा मुलगा उरलेले घडे विकायला मागे राहिले होते, म्हणून गौरा बाकीच्यांबरोबर आली. सुभानाला पाहून ती थबकली आणि हसून म्हणाली, "मामा, आज चक्क बसलाय व्हय?"

सुभानाही हसला. म्हणाला, "बसलो गं पोरी, पाय मोडलं."

एवढंच बोलणं झालं. पुढे गेलेली सगळी तहानलेली माणसं त्याने पाहिली. उठून चार पावलं जावं आणि सांगावं, असं त्याच्या मनात आलं होतं. हे त्याने स्वतःच पुढे लोकांना सांगितलं म्हणून आपल्याला माहीत. पण त्याला वाटलं, आळीत दवंडी दिलीच आहे, कुणीतरी ऐकली असेल, एकाचं ऐकून दुसऱ्याला कळेल. आणि बसलेल्या माणसाला उठणं जिवावर येतं.

आळी थेट विहिरीवर गेली. चुन्याचा पट्टा त्यांना दिसला, दिसला नाही असं नाही. पण सणाच्या तोंडावर पालिकेने विहिरीला रंग काढला, असंच त्यांना वाटलं. कुंभारांची जात, घड्यावर चुना ओढायची सवय. एक म्हातारा म्हणे कौतुकाने म्हणालाही, पालिका आल्यापासून विहिरीसुद्धा नटायला लागल्या. सगळे पोटभर पाणी प्याले. गौरा प्याली, आणि आई सकाळी दमून येईल म्हणून तिच्यासाठी एक घागर भरून घरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आळीतली पाच माणसं गेली. कोंडाबाई घरी पोचली तेव्हा गौराला बोलता येत नव्हतं. तिने घागरीकडे बोट दाखवलं आणि मग तीही गेली.

लगेच चौकशी झाली. साहेबांनी कागद काढला, त्यावर सगळ्या आळ्या झाल्या असं लिहिलेलं होतं. सुभानाचा काही दोष नाही असं ठरलं. तो मात्र घरी गेला नाही. लोक सांगतात, तो पालिकेच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा की मी सांगितलं खरं, पण कुणाला सांगितलं? लोक त्याला टाळायला लागले.

मग पालिकेने दुसरी दवंडी काढली. त्या विहिरीचं घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाका. गावाने ओतलं. कोंडाबाईने दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "माझ्या लेकीनं भरलेलं पाणी हाय. मी ओतणार न्हाई. आखितीला तिच्या नावानं पुजीन आन् मग पिईन."

तेव्हा आखितीला दोन दिवस होते. मुलाने पाया पडून विनवलं, आळीने समजावलं, साहेब स्वतः येऊन गेले. ती ऐकेना. घागरीला पाठ लावून बसून राहिली. घागर हिसकावून घ्यायला कुणी धजेना, कारण पोर गेलेल्या बाईला हात कोण लावणार? आणि सगळ्यांना दिसत होतं की आखितीच्या दिवशी हे घर दुसऱ्यांदा बुडणार.

सुभाना त्या दारासमोर येऊन उभा राहिला. हलगी वाजवून त्याने दवंडी दिली आणि विचारलं, "कोंडाबाई, ऐकलंस का?" दार बंदच राहिलं. थोड्या वेळाने पुन्हा दवंडी, पुन्हा तोच प्रश्न. असा तो दोन दिवस उभा होता म्हणे. भिंतीला टेकला नाही. कुणी घोंगडं अंथरलं, कुणी बाजलं आणून ठेवलं, त्याने तिकडे पाहिलंही नाही. आवाज बसला तेव्हा नुसती हलगी वाजवली. बोटं फुटली तेव्हा तळहाताने वाजवली. पाय सुजून खांबासारखे झाले. आळीतली माणसं येरझारा घालायची. त्या दोन दिवसांत या आळीत एकही चाक फिरलं नाही असं सांगतात.

आखितीचा दिवस उजाडला. कोंडाबाईने दार उघडलं. कमरेवर तीच घागर. तिची नजर आधी सुभानाच्या पायांवर गेली.

"बसला न्हाईस?" तिने विचारलं.

सुभाना म्हणाला, "एकदा बसलो व्हतो, बाई."

कोंडाबाई घागर घेऊन आळीतून चालत निघाली, तो मागे, त्याच्या मागे सगळी आळी. ती या पारापाशी आली आणि तो जिथे बसला होता त्या दगडावर तिने लेकीचं पाणी ओतलं. सगळं, थेंबभरसुद्धा न ठेवता. मग सुभानाकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलं."

त्या दिवसापासून दगड काळा पडला, असं म्हणतात. त्यानंतर सुभानाने बरीच वर्षं दवंडी दिली, पण शेवटच्या घरातून 'ऐकलं' आल्याशिवाय तो आळीतून हलला नाही. घराला कुलूप असलं तर उभा राहायचा. त्याच्यानंतरचा हलगीवाला तसाच, त्यानंतरचा सायकलवाला तसाच आणि हा इरफानही तसाच.

चला, आता इरफानच्या गाडीपाशी जाऊ. चालत चालत सांगतो, तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. तुमचा खोळंबा इरफानमुळे झालेला नाही. कोंडाबाईच्या थोरल्या मुलाचा मी पणतू. ते निळ्या दाराचं शेवटचं घर माझं. इरफान मघापासून माझ्याच शब्दाची वाट बघतोय आणि मी तो देत नाहीये.

रागावू नका. आजची सूचना काय आहे सांगतो. गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरलंय. तीन दिवस नळाचं पाणी प्यायचं नाही, रोज संध्याकाळी सहाला आळीत टँकर येणार. मी एक शब्द बोललो की इरफान जाईल आणि कागदावर लिहिलं जाईल, कुंभारवाडा झाला. पण माझ्या घराच्या पलीकडे बघा. त्या पत्र्याच्या अकरा खोल्या. परभणीकडची माणसं आहेत, वीटभट्टीवर राबतात. दोन वर्षं झाली. पालिकेच्या यादीत अजून शेवटचं घर माझंच आहे. मी अर्ज दिला, तर नोंद घेतली असं उत्तर आलं. पाणी पिऊ नका एवढं मीही सांगेन, पण टँकरचा शब्द पालिकेच्या माणसानेच द्यायला हवा. आणि हा मधला नळ दिसतो ना, त्यावरच ती पाणी भरतात. साडेपाचला भट्टी सुटते. तोंडाला धूळ, घशाला कोरड, सरळ नळावर येतात. आता पाच पस्तीस झालेत. तुम्हाला गोष्ट सांगत होतो ती निम्मी स्वतःला थोपवायला.

भट्टीवरच्या बायका आल्या बघा. पुढची ती द्वारका, घागर आताच नळाखाली धरली तिने. इरफान, लाव कर्णा! पहिल्यापासून सांग! द्वारकाबाई, तोटी उघडू नका, आधी ऐका!

थांबली. ऐकतेय. मागच्याही थांबल्या.

काय विचारते ऐकलंत? टँकर आमच्याकडं बी येतो का, म्हणते. इरफान, माझ्याकडे काय बघतोस? यादीत नाही ते मलाही माहीत आहे. तिला उत्तर दे.

येतो म्हणाला. मीच घेऊन येतो, म्हणाला. ती अजून त्याच्या तोंडाकडे बघतेय. खरं किती धरावं याचा हिशेब चाललाय तिचा, आणि तिचंही बरोबर आहे.

हं. "मग ऐकलं," म्हणाली. घागर रिकामीच उचलली.

निघा आता, रस्ता मोकळा झाला. परत येताना पारापाशी हवं तर थांबा. दर आखितीला या आळीतला पहिला घडा त्या दगडावर ओततात, आणि आजही त्यावर कुणी बसत नाही. माझ्यासाठी माझ्या दारातली ती खुर्ची आणू नका, ताई. सहाला टँकर यायचाय. तो पत्र्याच्या खोल्यांपर्यंत गेलेला डोळ्यांनी बघेपर्यंत मी इथे उभा आहे.