मानेतला पाइप

एकदा भर समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवरून, जिथे तेल काढायचे काम अहोरात्र चालते, एक जुना पाइप काढायचे ठरले. तुम्ही म्हणाल, पाइप काढायचा त्यात गोष्ट कसली? पण घरातला गळका नळ बदलायचा झाला तरी आपण आधी पाणी बंद करतो. इथे तेल आणि वायू आजूबाजूने वाहत असताना, ते न थांबवता, मधला एकच मेलेला तुकडा उचलून काढायचा होता. हे काम जयवंत नावाच्या अभियंत्याकडे आले, आणि त्याला सल्ला द्यायला कंपनीने भाऊसाहेबांना परत बोलावले. भाऊसाहेब केव्हाच निवृत्त झाले होते. पण एके काळी हा प्लॅटफॉर्म त्यांनीच चालवला होता, आणि जयवंतला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवले होते.

तो पाइप एका जुन्या पंपाचा. पंप भंगारात गेला, पाइप मात्र राहिला. जेवणघराकडून जिन्याकडे जाणाऱ्या वाटेत तो बरोबर कपाळाच्या उंचीवर आडवा आलेला. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात हेल्मेटसकट त्यावर आदळायचा आणि मान धरून बसायचा. मग जुने लोक त्याला चहा पाजत म्हणायचे, "झालास आता इथला." पुढे तो तिथे आपोआप वाकू लागे, त्याला आठवण करून द्यावी लागत नसे.

जयवंतने काम मन लावून केले. ठिणगी उडून चालणार नव्हती, म्हणून पाइप रिकामा असल्याची खात्री करून त्याने तो हातकरवतीने कापवला. तुकडे क्रेनने बोटीत उतरले, किनाऱ्यावर आतून धुऊन निघाले आणि वितळवायला भट्टीत गेले. एक नटही समुद्रात पडला नाही. त्या संध्याकाळी कठड्याशी चहा घेताना जयवंत खुशीत होता, आणि त्या खुशीतच त्याच्या तोंडून बायको वृंदा आणि मुलगी केतकी यांचा विषय निघाला.

"भाऊसाहेब, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घरात फार आरडाओरडा करायचो मी. केतकी लहान होती तेव्हा तर... जाऊ द्या. पण ते सोडलं, त्याला वर्षं झाली. तरी मी सुट्टीवर घरी जातो, दारात पाऊल टाकतो, की पोरगी टीव्हीचा आवाज कमी करते. वृंदा भांडी हळू ठेवायला लागते. आता जूनमध्ये केतकी शिकायला बेंगळुरूला चालली. बापाला अशीच दबकून निघून जाणार का ती? आणखी काय करायचं मी?"

भाऊसाहेबांनी कपातला चहा संपवला. मग ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. पाइप नव्हता, तरी माणसे तिथे आली की वाकत. जयवंतला हसू आले. त्याने पाटी लावली, 'येथे वाकू नये.' माणसे वाकत, वाकल्या वाकल्या मान तिरकी करून पाटी वाचत आणि पुढे जात. खुद्द जयवंतही एकदा वाकला. कोणी पाहिले नाही, एवढेच.

मग हसण्यासारखे काही राहिले नाही. पास्कल आणि लोकेश खांद्यावरच्या दांड्याला टांगून एक जड व्हॉल्व्ह नेत होते. पुढे पास्कल, वसईचा, याच प्लॅटफॉर्मवर केस पांढरे झालेला. मागे लोकेश, पाइप निघाल्यानंतर रुजू झालेला. त्या जागेशी येताच पास्कल वाकला आणि लोकेश ताठ राहिला. दांडा पुढे कलला, व्हॉल्व्ह घसरला आणि पास्कलच्या टाचेवर आला. हाड मोडले. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो स्ट्रेचरवर पडून होता. जयवंत जवळ गेला तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "साहेब, पाइप नाही हे मला ठाऊक होतं. मानेला ठाऊक नव्हतं."

जयवंतने सगळ्यांना एकत्र बोलावले. "तिथे काही नाही, हे दिसत नाही का तुम्हाला?" आवाज चढला. त्याने तो लगेच आवरला, पण तेवढ्यात समोरच्या सगळ्या माना खाली गेल्या होत्या. त्याने सगळ्यांना परत कामाला पाठवले.

"उद्यापासून जो वाकेल त्याची मी वर तक्रार करणार," तो भाऊसाहेबांना म्हणाला.

"उद्यापासून चहाच्या वेळी तू तिथे उभा राहा," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि सांगू काय लोकांना?"

"काही सांगायचं नाही. पाइप होता तिथेच डोकं येईल, असा सरळ उभा राहा आणि आपला चहा पी."

जयवंतला हे विचित्र वाटले. पण गुरूचा शब्द, म्हणून तो कप घेऊन उभा राहिला. साहेब पहारा करताहेत असे वाटून माणसे आणखीच वाकून, अंग चोरून जाऊ लागली. त्याला अवघडल्यासारखे होई. तरी तो रोज तिथे जात राहिला. एकदा कोणीतरी दबकत विचारले, "साहेब, पास्कलचं काय कळलं?" जयवंतने सांगितले. तो माणूस ऐकत उभा राहिला, मग आणखी दोघे थांबले. बोलता बोलता कोणाला वाकायची आठवण राहिली नाही. पंधरवडा संपत आला तेव्हा स्वयंपाकघरातला एकजण हातात थाळ्यांची चळत घेऊन, वर न बघता, त्याच्या शेजारून ताठ निघून गेला. जयवंत कप हातात धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

तेव्हा भाऊसाहेब बोलले. "लोखंडाचा पाइप करवतीनं निघाला. मानेतला पाटीनं निघत नाही, आणि ओरडून तर आणखी घट्ट बसतो. ज्याला लागलंय, त्याला 'आता लागणार नाही' एवढं सांगून भागत नाही. ती जागा मोकळी आहे हे त्याला रोज दिसावं लागतं, आणि दाखवणाऱ्यानं घाई करायची नसते. इतकी वर्षं ही माणसं वाकत होती, तेव्हा आपल्याला कुठे घाई होती?" त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवले. "तो पाइप माझ्याच वेळी निकामी झाला होता. काढून टाका, असं सांगायला पास्कलच आला होता. मी म्हटलं, वाकून जायला काय होतं? आज त्याची टाच मोडली ती माझ्या त्या वाक्यानं, जयवंत. तेव्हाच काढला असता तर ही सवयच कुणाला लागली नसती."

त्या संध्याकाळी कठड्याशी जयवंतने घरचे जे विचारले होते, त्याचे उत्तर त्याला मिळाले होते. त्याला फार वाईट वाटले.

तो सुट्टीवर घरी आला. दारात पाऊल पडताच टीव्हीचा आवाज खाली गेला. एरवी तो म्हणायचा, "कशाला कमी करतेस? मी काही बोललो का?" आणि ते विचारणेही दरडावल्यासारखेच होई. या वेळी तो काही बोलला नाही. कप घेऊन सोफ्याच्या कडेला बसला आणि जे चालले होते ते पाहू लागला. केतकी थोड्या वेळाने उठून आत गेली. वृंदाने दारातून विचारले, "अहो, बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच बसला, तिसऱ्याही दिवशी. केतकी उठून जायची ती हळूहळू बसू लागली, पण आवाज रोज खालीच जात होता. समुद्रावर पंधरवडा पुरला होता. इथे केतकीचे लहानपण अख्खे दबकण्यात गेले होते, आणि जून काही थांबणार नव्हता.

केतकी बेंगळुरूला निघायच्या आदल्या संध्याकाळी तो बाहेरून आला. तिचा हात सवयीने रिमोटकडे गेला आणि वाटेतच थांबला. तिने बापाकडे पाहिले, हात मागे घेतला. जयवंत नेहमीच्या जागी जाऊन बसला. तिच्या बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या होत्या.